सुटीनंतरची शाळा : अध्यापनाची घडी पुन्हा बसवताना

बंगळूर शहराच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. एका बाजूस नाचणी आणि भाजीपाल्याची शेते, दुसऱ्या बाजूस औद्योगिक वसाहत, गोदामे आणि नवी बांधकामे असे या तालुक्याचे दुहेरी रूप आहे. साहजिकच येथील सरकारी शाळांच्या वर्गांत शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले एकत्र बसतात. कोणाच्या घरी कन्नड बोलली जाते, कोणाच्या घरी तेलुगू, तमिळ, उर्दू किंवा हिंदी. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस उन्हाळी सुटी संपून या शाळा उघडतात, तेव्हा शिक्षकांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. पाठ्यपुस्तकाचे पहिले पान उघडावे की गेल्या वर्षीचे शेवटचे?

हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. तथापि प्राथमिक शिक्षणाच्या गुणवत्तेविषयी गेल्या काही दशकांत जी चर्चा झाली, तिचे बरेचसे सार त्यात सामावलेले आहे. शाळेतील खंड, त्यामुळे होणारी अध्ययनाची हानी आणि ती भरून काढण्याचे उपाय यांचा विचार स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी केवळ शिक्षणशास्त्राचा विषय म्हणून नव्हे, तर सामाजिक समतेचा प्रश्न म्हणूनही केला पाहिजे.

शैक्षणिक वर्ष आणि त्यातील खंड

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास आवश्यक आहेत. शिक्षकाने पूर्वतयारीसह आठवड्याला किमान ४५ तास काम करावे, असेही तीत नमूद आहे.

कर्नाटकात शैक्षणिक वर्ष दोन सत्रांत विभागले जाते. २०२५-२६ या वर्षाचे पहिले सत्र २९ मे २०२५ रोजी सुरू झाले. २० सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर ही दसऱ्याची सुटी आणि ११ एप्रिल ते २८ मे २०२६ ही उन्हाळी सुटी, असे नियोजन होते. महाराष्ट्रात दिवाळी आणि उन्हाळा या दोन मोठ्या सुट्या असतात. येथील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तर विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे त्या जूनच्या अखेरीस सुरू होतात.

नियोजित खंडाला कधीकधी अनपेक्षित खंडाची जोड मिळते. कर्नाटकात २०२५ मध्ये सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाचे काम शिक्षकांकडे सोपविण्यात आले होते. ते वेळेत पूर्ण न झाल्याने दसऱ्याची सुटी सरकारी व अनुदानित शाळांसाठी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढविण्यात आली. २० सप्टेंबरपासून मोजल्यास हा खंड सलग २९ दिवसांचा झाला. बुडालेले पाठ जादा तासांनी भरून काढण्याचे ठरले. या प्रसंगातील एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मुलांसाठी ती सुटी होती. शिक्षकांसाठी मात्र तो घरोघरी फिरून माहिती गोळा करण्याचा काळ होता. सुटीनंतर शिक्षक ताजेतवाने होऊन वर्गात येतात, हे गृहीतक अशा वेळी लागू पडत नाही.

खंडात नेमके काय हरवते?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून ते किती काळात विसरले जातात, याची त्यांनी मोजणी केली. विसरण्याचा वेग आरंभी फार असतो आणि पुढे तो मंदावतो, हा त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. त्यांचा दुसरा निष्कर्ष शिक्षकांसाठी अधिक मोलाचा आहे. विसरलेली गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. याचा अर्थ असा, की जूनमध्ये हातच्याची वजाबाकी चुकणारे मूल ती कधी शिकलेच नव्हते, असे मानणे घाईचे ठरते. थोड्या उजळणीने ते पूर्वपदावर येऊ शकते.

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उन्हाळी सुटीविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुटीनंतर मुलांची संपादणूक सरासरीने सुमारे एका महिन्याच्या अध्ययनाइतकी मागे जाते, असे त्यांना आढळले. ही घट गणिती आकडेमोड व शब्दलेखन यांत सर्वाधिक होती. वाचनाचे चित्र मात्र वेगळे होते. मध्यमवर्गीय मुलांचे वाचन सुटीत टिकून राहिले किंवा किंचित सुधारले, तर गरीब घरांतील मुलांचे घसरले. याचे कारण शोधणे अवघड नाही. घरात गोष्टींची पुस्तके असतील तर सुटीतही वाचन घडते. हातच्याची बेरीज-वजाबाकी घरी सहसा कोणी करवून घेत नाही.

बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत दाखल झालेल्या मुलांचा कार्ल अलेक्झांडर व डोरिस एन्टविसल यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. शाळा चालू असताना गरीब व सधन मुलांची प्रगती जवळपास सारख्या वेगाने होते आणि नववीपर्यंत दिसणाऱ्या तफावतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग सुट्यांतील अध्ययनातील फरकाशी निगडित आहे, असे त्यांनी २००७ मध्ये मांडले. पुढे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या संशोधकांनी हे आकडे चाचणीच्या प्रकारानुसार बदलतात, असे दाखवून दिले. त्यामुळे हानीचे नेमके प्रमाण हा वादाचा विषय आहे. परंतु सुटीत अध्ययनाचा वेग मंदावतो, याबाबत फारसे दुमत नाही.

परतल्यानंतरचा धोका

खंडाच्या काळात होणाऱ्या हानीपेक्षा खंडानंतरच्या अध्यापनातून होणारी हानी मोठी असू शकते, हे पाकिस्तानातील एका अभ्यासातून समोर आले. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर त्या भागातील शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनिएल्स व जिष्णू दास यांनी चार वर्षांनी मुलांची तपासणी केली. भूकंपरेषेच्या जवळची मुले इतरांच्या तुलनेत दीड ते दोन शैक्षणिक वर्षे मागे असल्याचे त्यांना आढळले. बंद होते तीन-साडेतीन महिने आणि तफावत निघाली दीड वर्षाहून अधिक. शाळा उघडल्यानंतर वर्ग जुन्याच वेगाने पुढे गेले, मागे राहिलेली मुले त्या वेगाशी जुळवून घेऊ शकली नाहीत आणि वर्षागणिक अंतर वाढत गेले, अशी याची संभाव्य मीमांसा संशोधकांनी केली आहे.

आपल्या कायद्यातही हा पेच दिसतो. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. त्यांतील एक कर्तव्य म्हणजे विहित कालावधीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे. त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य म्हणजे प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जोखून त्यानुसार आवश्यक ते अतिरिक्त अध्यापन करणे. कागदावर ही दोन्ही कर्तव्ये परस्परपूरक आहेत. ४० मुलांच्या वर्गात, सुटीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र त्यांची ओढाताण होते. अभ्यासक्रमाचे वेळापत्रक तपासणीच्या वेळी दिसते. मागच्या बाकावरील मुलाचे मौन सहजासहजी दिसत नाही.

सेतुबंध : मागील इयत्तेकडून पुढील इयत्तेकडे

या पेचावर कर्नाटकाने अवलंबिलेला मार्ग म्हणजे 'सेतुबंध' होय. शाळा उघडल्यावर प्रवेशोत्सव होतो. त्यानंतरच्या आरंभीच्या दिवसांत नवा अभ्यासक्रम थांबवून मागील इयत्तेच्या क्षमतांवर काम केले जाते. या कार्यक्रमाचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा पूर्वचाचणीचा. तिचे स्वरूप निदानात्मक असते. मुलाला किती गुण मिळाले, यापेक्षा कोणती क्षमता साध्य झाली व कोणती राहिली, याची नोंद त्यात अपेक्षित आहे. पाचवीतील मुलाला भागाकार येत नसेल, तर त्याची अडचण भागाकाराच्या रीतीत आहे, पाढ्यांत आहे की स्थानिक किंमतीत, हे शोधावे लागते. दुसरा टप्पा उपचारात्मक अध्यापनाचा. समान अडचण असणाऱ्या मुलांचे गट करून त्या क्षमतेपुरते कृतियुक्त अध्यापन केले जाते. तिसरा टप्पा उत्तरचाचणीचा. तीतही जी मुले मागे राहतात, त्यांच्यासाठी वर्षभर वेगळे नियोजन ठेवणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील शिक्षकांनाही ही कल्पना परिचित आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ या काळात दुसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबविला होता. त्यात दिवसनिहाय कृतिपत्रिका आणि ठरावीक अंतराने तीन चाचण्या होत्या.

नली-कली : खंड गृहीत धरणारी पद्धत

सेतुबंध हा खंड पडल्यानंतरचा उपाय आहे. खंड पडणारच, असे गृहीत धरून रचलेली पद्धत म्हणजे 'नली-कली'. या कन्नड नावाचा अर्थ 'आनंदाने शिका' असा होतो. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने तिचा आरंभ झाला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील प्रयोगाची प्रेरणा त्यामागे होती. २००९-१० पासून राज्यातील कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळांत प्राथमिकच्या आरंभीच्या वर्गांसाठी ती सर्वत्र लागू झाली.

या पद्धतीत पाठ्यक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची 'अध्ययन शिडी' तयार केलेली असते. प्रत्येक मूल शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे, याची नोंद वर्गातच असते. मुले वेगवेगळ्या गटांत बसतात. काही गटांना शिक्षकांचे पूर्ण साहाय्य मिळते, काहींना अंशतः, काही गट सोबत्यांच्या मदतीने शिकतात, तर काही स्वयंअध्ययन करतात. मूल आठ दिवस गैरहजर राहिले तरी परत आल्यावर ते आपल्या पायरीवरूनच पुढे जाते. 'वर्ग कोठवर गेला?' याऐवजी 'हे मूल कोठवर आले होते?' हा प्रश्न विचारला जातो. होसकोटेसारख्या तालुक्यात पालकांच्या कामानुसार मुलांची ये-जा होत असते. तेथे या रचनेचे महत्त्व विशेष आहे. महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांसोबत स्थलांतर करणाऱ्या मुलांचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. त्यांचा खंड शाळेच्या दिनदर्शिकेत कोठेही छापलेला नसतो.

दीर्घ खंडाने दिलेले धडे

कोविड महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग थेट २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. हा खंड १९ महिन्यांचा होता. मधल्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, राज्याने 'विद्यागम' ही योजना सुरू केली. शिक्षक वस्तीवर जाऊन मंदिराच्या आवारात, झाडाखाली किंवा समाजमंदिरात मुलांचे लहान गट घेऊन शिकवीत. स्मार्टफोन असलेली, साधा फोन असलेली आणि कोणतेही साधन नसलेली, असे मुलांचे तीन गट करण्यात आले होते. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबर २०२० मध्ये ही योजना थांबवावी लागली. शाळा बंद असली तरी शिक्षण बंद राहू नये, या दिशेने केलेला तो महत्त्वाचा प्रयत्न होता.

अझीम प्रेमजी प्रतिष्ठानने जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकासह पाच राज्यांतील १,१३७ सरकारी शाळांमधील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांचा अभ्यास केला. आदल्या वर्षी अवगत असलेल्या भाषिक क्षमतांपैकी किमान एक क्षमता ९२ टक्के मुलांनी गमावली होती. गणिताबाबत हे प्रमाण ८२ टक्के होते. चित्र पाहून बोलणे, परिचित शब्द वाचणे, साधी वाक्ये लिहिणे अशा या मूलभूत क्षमता होत्या.

यानंतर कर्नाटकाने २०२२-२३ हे वर्ष 'कलिका चेतरिके', म्हणजे अध्ययन पुनर्प्राप्तीचे वर्ष म्हणून राबविले. शाळा नेहमीपेक्षा सुमारे पंधरवडाभर आधी, १६ मे २०२२ रोजी उघडण्यात आल्या. नेहमीचा सेतुबंध काही दिवसांचा असतो. या वेळी मागील इयत्तांच्या क्षमतांसाठी अध्ययनपत्रिकांच्या आधारे वर्षभर काम करण्यात आले. खंड जितका मोठा तितका सेतूही लांब असावा लागतो, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

भरपाई होऊ शकते, याचा पुरावाही उपलब्ध आहे. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील सुमारे १९,००० मुलांच्या अभ्यासात अभिजित सिंग, मौरिसियो रोमेरो व कार्तिक मुरलीधरन यांना असे आढळले, की शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत हानीपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग भरून निघाला. त्यात स्वयंसेवकांमार्फत वस्तीपातळीवर चालविलेल्या 'इल्लम तेडी कल्वी' या कार्यक्रमाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. देशपातळीवर 'असर' अहवालांनुसार ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. घसरण भरून निघाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु तिसरीतील दर चार मुलांपैकी जवळजवळ तीन मुले खंडाआधीही मागेच होती, ही वस्तुस्थिती त्याच आकड्यांतून दिसते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले, ते या पार्श्वभूमीवर.

पहिला पंधरवडा : कार्यपद्धती

सुटीनंतर अध्यापनाची घडी बसविण्यासाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

१. दिनक्रमास प्राधान्य : वेळेवर येणे, परिपाठ, वह्या काढणे, गटात बसणे या सवयी सुटीत मोडलेल्या असतात. पहिले तीन-चार दिवस त्या शांतपणे पुन्हा लावल्यास पुढील महिन्यांचा वेळ वाचतो.

२. हजेरीपत्रकाचे वाचन : पहिल्या आठवड्यात कोण आले नाही, याची विचारपूस त्याच आठवड्यात झाली पाहिजे. उशीर झाल्यास अनुपस्थितीचे रूपांतर गळतीत होण्याचा संभव असतो. शाळा व्यवस्थापन समिती व पालक यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते.

३. बोलण्यापासून आरंभ : सुटीत पाहिलेल्या गोष्टी, नाचणीची पेरणी, जत्रा, आजोळ यांविषयी मुलांना बोलते केल्यास भाषेची उजळणी आपोआप होते. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना शाळेच्या भाषेत परतण्यास अवधी मिळतो.

४. आठवणीतून उजळणी : हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखविल्याप्रमाणे मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून सांगण्याने दीर्घकाळ लक्षात राहतो. म्हणून फळ्यावर रीत लिहून देण्याआधी मुलांना ती आठवू द्यावी. हे तत्त्व स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासालाही तितकेच लागू आहे.

५. टाचणाची फेररचना : वार्षिक नियोजनात उजळणीचे दिवस आरंभीच धरावेत. ते न धरल्यास उजळणी म्हणजे मागे पडणे, अशी भावना शिक्षकाच्या मनात निर्माण होते.

मर्यादा आणि अपेक्षा

सेतुबंधाची यशस्विता त्याच्या अंमलबजावणीवर अवलंबून आहे. चाचणी घेऊन गुण नोंदवहीत भरले, पण अध्यापनात काहीच बदल केला नाही, तर तो निव्वळ उपचार ठरतो. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील, तर निदानानुसार गट करणे कठीण होते. पाठ्यपुस्तके वेळेवर न पोहोचल्यास सुरुवातीचा काळ वाया जातो. शिक्षण हक्क अधिनियमाचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांची नेमणूक करण्यास मनाई करते. या तरतुदीमागील हेतू अध्यापनाचे दिवस सुरक्षित राहावेत हाच आहे. जादा तासांनी दिवसांची भरपाई करता येते. त्या तासांत नवा पाठ घाईने संपवायचा की सुटलेला दुवा सांधायचा, यावर भरपाईचे फलित ठरते.

सुटी ही मुलांची गरज आहे. खेळ, विश्रांती, नातलगांचा सहवास यांचे शिक्षणातील स्थान कोणी नाकारणार नाही. सुटीचे दिवस कमी करणे हा या प्रश्नावरील उपाय नव्हे. सुटीनंतर प्रत्येक मूल कोठे उभे आहे हे पाहून तेथून त्याला पुढे नेण्याची व्यवस्था शाळेत असणे, ही खरी गरज आहे. होसकोट्याच्या एखाद्या शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यात पाचवीतील मुलगी तिसरीच्या गोष्टीचे पुस्तक अडखळत वाचत असेल, तर तो वर्ग मागे पडला असे समजण्याचे कारण नाही. ती जेथे आहे तेथून तिचे शिक्षण पुन्हा सुरू झाले आहे आणि शिक्षण हक्क कायद्याला तेच अभिप्रेत आहे.